अमेरिकेतील शाळांत कृष्णवर्णीय आणि अपंग मुलांना खरोखरच जास्त शिक्षा होते का, की ती मुलेच जास्त खोड्या करतात?

शिक्षा जास्त होते, हे सरकारी आकडेवारीतूनच दिसते. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 मध्ये दिलेल्या अहवालानुसार, 2013-14 या शालेय वर्षात सरकारी शाळांमधील कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे 15.5 टक्के होते, मात्र शाळेतून निलंबित झालेल्यांत त्यांचा वाटा सुमारे 39 टक्के होता. अपंग विद्यार्थी 12 टक्के असूनही निलंबितांमध्ये जवळपास चौथा हिस्सा त्यांचा होता. शाळा गरीब वस्तीतली असो वा सधन, ही तफावत कायम राहिली, त्यामुळे केवळ गरिबीकडे बोट दाखवून भागत नाही.

खरी मेख ‘उद्धटपणा’सारख्या मोघम आरोपांत आहे, असे मला वाटते. चाकू आणला की नाही हे ठरवता येते. उलट उत्तर कुणाचे उर्मट आणि कुणाचे नुसते अवखळ, हे मात्र शिक्षकाच्या नजरेवर ठरते. लक्ष एकाग्र न होणारे मूल वारंवार जागेवरून उठले, तर तोही अवमानच मानला जातो. वास्तविक, अपंग विद्यार्थ्याला सलग दहाहून अधिक शालेय दिवस शाळेबाहेर ठेवायचे असल्यास, ते वर्तन अपंगत्वातूनच उद्भवले का याची तपासणी तेथील कायद्याने बंधनकारक आहे. पण त्याहून छोटी निलंबने बहुधा त्या चाळणीतून निसटतात.