वाचकांचे प्रश्न: मीटर म्हणतो २१, मोबाईल म्हणतो २०

प्रश्न : माझ्या सायकलला २६ × १.९५चे टायर आहेत. पुढच्या चाकाला वायरचा स्पीडोमीटर बसवलाय. विजापूर रोडने गेलो की मोबाईल २० किमी दाखवतो तेव्हा मीटर २१ दाखवतो. दर वेळी तेवढाच फरक. मीटरमध्ये २१५५ हा आकडा भरलेला आहे. मेकॅनिक म्हणतो, स्पोकवरचा चुंबक रिमकडे सरकवा. खरंच फरक पडेल का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : नाही पडणार. चुंबक हबजवळ असो की रिमजवळ, चाकाच्या एका फेऱ्यात तो सेन्सरसमोरून एकदाच जातो. सेन्सर फक्त फेरे मोजतो. त्याला तुम्ही भरलेल्या परिघाने गुणायचं काम मीटरचं. चुंबक लांब राहिला तर फेरे चुकतात आणि आकडा कमी येतो, तोही कधी कमी, कधी बरोबर. दर वेळी ठरावीक पाच टक्के जास्त येतंय म्हणजे चूक परिघातच आहे. २१५५ मिमी हा ७०० × ३२ टायरचा आकडा. २६ × १.९५ला साधारण २०५० लागतो.

तक्त्यातला आकडा कामचलाऊ असतो. त्यापेक्षा स्वतः मोजा. ज्या चाकाला सेन्सर आहे तेच चाक. हवा नेहमीएवढी भरा, तीही सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या टायरचा दाब वेगळाच असतो. सपाट फरशीवर व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, खडूने खूण करा. मग सायकलवर बसून, कुणाला तरी धरायला लावून, सरळ रेषेत तीन फेरे पुढे या आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. मधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा, शिंप्याची टेप ताणली जाते. ६१४१ मिमी भरलं तर भागिले तीन, म्हणजे २०४७. न बसता नुसती ढकलत मोजली तर टायर दबत नाही आणि परीघ दहा मिमीच्या आसपास जास्त येऊ शकतो. शंभर किलोमीटरला अर्ध्या किलोमीटरचा घोळ तिथेच होतो.

टेप नसेल तर हिशेबाने काढा : जुना आकडा गुणिले खरं अंतर भागिले मीटरचं अंतर. तुमचं २१५५ × २० ÷ २१ = २०५२. मात्र ‘खरं अंतर’ सिद्धेश्वर तलावाभोवती फिरून घेऊ नका. वळणावर जीपीएस कोपरे कापतो आणि अंतर कमी दाखवतो. सरळ रस्त्यावर किमान पाच किलोमीटर घ्या. मैलाचा एकच दगड धरून ठरवणं तर नकोच. रस्ता रुंद करताना तो हललेला असू शकतो.

आकडा भरताना एक बघा : काही मीटर सेंटिमीटरमध्ये विचारतात, तिथे २०५ भरायचं. आणि २० किमीला १२.४ दिसलं तर मीटर मैलात आहे. सेल बदलताना बऱ्याच मीटरमधला परीघ पुसला जातो, म्हणून आकडा मीटरच्या पाठीमागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. टायर बदलला की मात्र पुन्हा मोजायचं. बाभळीच्या काट्याने हवा हळूहळू उतरत असेल तर आधी पंक्चर काढा, मग मोजा.

प्रश्न : चालवताना वेग मधूनच शून्यावर येतो, पुन्हा चालू होतो. सेन्सर खराब झाला का?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : बहुतेक वेळा चुंबकच फिरलेला असतो. चाक उचलून हळू फिरवा. चुंबक सेन्सरवरच्या रेघेसमोरून जायला हवा, आणि मधे दोन नाणी एकावर एक ठेवून मावतील एवढीच फट हवी, साधारण ३ मिमी. ५ मिमीच्या पुढे गेली की फेरे सुटतात. फट ठीक असेल तर मीटर ज्या खाचेत बसतो तिथले दोन पितळी बिंदू कोरड्या कापडाने पुसा. धूळ आणि घाम बसून संपर्क तुटतो. तरीही तेच असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावरच शून्य येत असेल तर हेडपाशी, म्हणजे हँडलचा दांडा फ्रेममध्ये शिरतो तिथे, वायर आतून तुटलीय.