डाव्या खुर्चीपर्यंतची रांग

भाऊ, वैमानिक म्हणून कोणत्या कंपनीत रुजू व्हावं, हा तुझा प्रश्न दोनदा वाचला. वरूड तालुक्यातलं घर, बाबांची सहा एकर संत्र्याची बाग, दोन एकर विकून आणि बँकेचं कर्ज काढून झालेलं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, उड्डाणाची वही भरली २०० तासांच्या जरा वर. आता हातात दोन कंपन्या. मोठी ए३२० जेट उडवणारी, बेस दिल्ली, पण टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाचं खास प्रशिक्षण, स्वतःच्या खर्चाने आणि बॅच कधी लागेल ते नक्की नाही. लहान कंपनी एटीआर, म्हणजे पंख्याची लहान विमानं उडवते, बेस हैदराबाद, बॅच पुढच्या महिन्यात, वर बॉन्ड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार. तिसरीकडे मित्र म्हणतोय, थांब, मोठ्या विमानांची भरती निघेल.

मी दारव्हा तालुक्यातला, कापसाच्या घरचा. आज ए३२० वर कमांडर, म्हणजे कॅप्टन आहे. तुझ्या जागी मी बसलेलो आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

पगाराचा आकडा आधी बाजूला ठेव. वैमानिकाच्या आयुष्यातला मोठा फरक सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीवरून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीवर जाण्याने पडतो. ती खुर्ची कधी मिळेल हे सिनियॉरिटीच्या यादीवर ठरतं, आणि यादीतली तुझी जागा रुजू झाल्याच्या तारखेवर. ही जागा सोबत नेता येत नाही. कंपनी बदलली की सहवैमानिक यादीच्या तळाशी जातो, वहीत तास कितीही असोत.

हे मी सोसलेलं आहे. माझी पहिली कंपनी, नाव लिहीत नाही, एटीआर उडवायची. कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव पुढच्या बॅचमध्ये होतं. आधी पगार उशिरा यायला लागला, मग तीन महिन्यांचा थकला, मग कंपनीच बंद झाली. घरी आईला सांगायला मला आठ दिवस लागले. पुढच्या नोकरीत माझ्याहून चार वर्षांनी लहान पोट्टे यादीत माझ्या वर होते. त्यांचा काही दोष नव्हता, ते फक्त आधी रुजू झाले होते.

हे नशीब माझ्या एकट्याचं नव्हे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. तिन्ही नावं एकेकाळी आपल्या पोरांच्या स्वप्नातली. म्हणून कंपनीत आतल्या माणसाला पहिला प्रश्न हा विचार: गेल्या वर्षभरात पगार कोणत्या तारखेला जमा झाला? तारीख सरकायला लागली असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही.

आता रांग किती वेगाने पुढे सरकते ते. सगळे जण विमानांच्या ऑर्डरचे आकडे सांगतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० जाहीर केली, इंडिगोने जूनमध्ये ५००, आकासाने जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५०. आकडे खरे आहेत. पण माझे बाबा म्हणायचे, कापूस जिनिंगच्या काट्यावर चढल्याशिवाय त्याचे पैसे मोजू नये. बोइंगकडून विमानं उशिरा आली तेव्हा आकासाचे कितीतरी वैमानिक उड्डाणाविना बसून होते. मोजायचं असेल तर गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती विमानं आली, परत किती गेली आणि त्याच काळात वैमानिक किती घेतले, ते मोज. सगळ्यात सोपं म्हणजे त्या कंपनीत नुकतीच कमांड मिळालेला माणूस शोध आणि विचार, "सर, तुम्ही कोणत्या महिन्यात रुजू झाला होतात?" त्या एका उत्तरात एचआरच्या पूर्ण प्रेझेंटेशनपेक्षा जास्त माहिती असते.

कंपन्या एकत्र आल्या की याद्याही एकत्र होतात, हेही लक्षात असू दे. एआयएक्स कनेक्ट १ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात. अशा वेळी तुझ्या हातात काही नसतं. जेवढं लवकर रुजू झालेला असशील तेवढं बरं, इतकंच.

मित्राच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो, थांबू नको. दोनशे तासांच्या वैमानिकासाठी घरी बसणं सगळ्यात महाग. फक्त उपकरणांच्या आधारे उडायची इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षभराची, वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, क्लास वन मेडिकल, तेही वर्षभराचं. दोन्ही जिवंत ठेवायला पुन्हा पैसे, त्यात दोन इंजिनांच्या विमानावरचे तास फार महाग पडतात. तेवढ्यात कर्जाचा हप्ता सुरू होतो. मोठं विमान पळून जात नाही, निवृत्ती ६५ ला आहे आणि तू चोविसाचा आहेस.

एटीआरला लोक नाक मुरडतात त्याचं मला वाईट वाटतं. ७० सीटचं, पंख्याचं विमान म्हणून कमी लेखतात. ते २५,००० फुटांच्या वर जात नाही, म्हणजे पावसाळ्यात ढग टाळून वरून जायची सोय नाही, त्यांच्यातूनच वाट काढावी लागते. लहान धावपट्ट्या, छोटे सेक्टर (एका उड्डाणाचे टप्पे), दिवसाला चार-चार लँडिंग. हात तिथे तयार होतो. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली तीसुद्धा अलायन्स एअरच्या एटीआरनेच. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो, फोटो बघून डोळे भरून आले. आपल्या मुलखात विमान येईल ते आधी एटीआरच येईल.

कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्याला, एटीपीएलला, १५०० तास लागतात. वर्षाला ७०० ते ८०० तास मिळाले तर पावणेदोन-दोन वर्षांत तू तिथे पोचतोस. वर्षाला १००० च्या वर कायद्याने उडता येत नाही. पुढे जेटवर गेलास तर यादीत खाली बसशील, हे खोटं सांगणार नाही. आखातातल्या काही कंपन्या जेटचे तास वेगळे मोजतात, हेही खरं. तरीही १५०० तास आणि एटीपीएल घेऊन खाली बसणं वेगळं, २०० तास आणि थकलेला हप्ता घेऊन बसणं वेगळं.

आता बॉन्ड. इथे मात्र घाई करू नको. रक्कम किती, किती वर्षांचा, दर वर्षी ती कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते? कंपनीनेच तुला घरी बसवलं किंवा पगार थांबवला तर बॉन्ड सुटतो का? हे लेखी हवं. कोऱ्या चेकवर सही करू नको आणि बाबांचा सातबारा तारण म्हणून कुठेही लावू नको. नोकरी सोडायची नोटीस सहवैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष, हा हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएचा २०१७ चा नियम. २०२३ मध्ये आकासातून काही जण नोटीस न देता गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. आपल्या घरांना वकिलाची फी परवडत नाही.

रोस्टरचं, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचंही विचार. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली. नोव्हेंबरपासून रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग हा नियम आला, आणि पुरेसे वैमानिक नसल्याने डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, नंतर तिला तात्पुरती सूट द्यावी लागली. म्हणून विचार की तुमच्याकडे सुट्टीचा दिवस ऐन वेळी किती वेळा काढून घेतात. संत्र्याच्या तोडणीला घरी जाता यावं असं तुला वाटणारच. हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी नागपूर, तिथून वरूड. दिल्लीहून स्टाफच्या तिकिटावर जागा रिकामी असली तरच बसता येतं, आणि दिवाळीत ती नसते.

माझं मत एटीआरचं आहे, बॉन्ड दरवर्षी कमी होणारा असेल आणि पगाराच्या तारखा पाळल्या जात असतील तर. मोठ्या कंपनीने टाइप रेटिंगचा खर्च पगारातून हप्त्याने कापायचं आणि रुजू होण्याची तारीख लेखी द्यायचं कबूल केलं, तर तिकडे जा, मी अडवणार नाही. पण टाइप रेटिंगसाठी उरलेल्या बागेवर बोजा चढवायचा असेल तर नको.

कराराचं बॉन्ड आणि नोटीसचं पान बाबांसोबत बसून वाच, त्यांना मराठीत समजावून सांग. जिथे तुला समजावता येणार नाही, ती ओळ इथे लिही, पाहतो मी.