वाचकांचे प्रश्न: वॉरंटीवर वॉरंटी

प्रश्न (गुहागर): जून २०२५ मध्ये नवी पेट्रोल गाडी घेतली. कंपनीची वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर आहे. त्याच दिवशी शोरूमने चौथ्या-पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी, ३ वर्षांचा सर्व्हिस प्लॅन आणि दुसऱ्याच एका कंपनीचे ३ वर्षांचे ‘संरक्षण पॅकेज’ बिलात लावले. आता बघतो तर पॅकेजही जून २०२५ पासूनच सुरू झाले आहे. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. एवढे सगळे लागते का?

उत्तर: नाही. संरक्षण पॅकेज बहुधा फुकट गेले आहे, पण अजून वेळ आहे. विम्यासकट सगळे कागद समोर घ्या आणि प्रत्येकातून पाच गोष्टी एका पानावर उतरवा: कधी सुरू, कधी संपते, किलोमीटरची मर्यादा किती, क्लेमचे पैसे कोण देणार आणि कोणत्या वर्कशॉपमध्ये चालते. मूळ वॉरंटी जून २०२८ पर्यंत आणि वाढीव वॉरंटी तिथून जून २०३० पर्यंत, म्हणजे हे दोन एकामागे एक आहेत, त्यात गैर काही नाही. पॅकेज मात्र मूळ वॉरंटीच्याच तीन वर्षांवर बसले आहे. अशा पॅकेजच्या अटींत बहुतेकदा एक कलम असते: ज्या बिघाडाला उत्पादकाची वॉरंटी किंवा विमा लागू आहे, त्याचे पैसे इथून मिळणार नाहीत. ते कलम तुमच्या कागदात असेल, तर इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकल या मोठ्या खर्चांसाठी पॅकेज तीन वर्षांत एक रुपयाही देणार नाही. त्यात टायर, चावी हरवणे असे वेगळे काही असेल तर तेवढाच त्याचा उपयोग, आणि तेही तुमच्या विम्यात ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेले वाढीव संरक्षण) म्हणून आधीच घेतलेले नाही ना, ते बघा. ‘रस्त्यावर मदत’ या सेवेचे पैसे तर लोक हमखास दोन-तीनदा भरतात: एकदा विम्यात, एकदा वाढीव वॉरंटीत, एकदा पॅकेजमध्ये. टो करणारी गाडी एकच येते.

आता करायचे काय? शोरूम आणि पॅकेजची कंपनी, दोघांना ईमेल करा. मागणी दोन पर्यायांत मांडा: पॅकेजची सुरुवात वाढीव वॉरंटी संपल्यानंतरच्या तारखेला न्यावी, किंवा पॅकेज रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे परत द्यावेत. बिलाची प्रत जोडा आणि एकही क्लेम घेतला नसेल तर तसे स्पष्ट लिहा. फोनवर मिळालेल्या आश्वासनावर थांबू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, म्हणजे शोरूम मुंबईला असले तरी तुम्हाला रत्नागिरीच पुरे. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची, ती पत्रव्यवहारात घालवू नका.

आणखी एक. तुमची गाडी पाच वर्षांत जेमतेम ४०,००० किलोमीटर चालेल. तुमची वॉरंटी तारखेने संपणार, किलोमीटरने नाही. उद्या कोणी जास्त किलोमीटरचा महाग पर्याय पुढे केला तर घेऊ नका.

प्रश्न (देवगड): कोल्हापूरच्या शोरूममधून गाडी घेताना ५०,००० किलोमीटरचा सर्व्हिस प्लॅन घेतला. कणकवलीचे अधिकृत वर्कशॉप म्हणते, हा प्लॅन आमच्याकडे चालत नाही. तेही त्याच कंपनीचे आहे ना?

उत्तर: वर्कशॉप कंपनीचे असले तरी प्लॅन कंपनीचा असेलच असे नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा प्लॅन गाडीच्या चेसिस क्रमांकावर नोंदलेला असतो आणि तो देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपना संगणकावर दिसतो. डीलरने स्वतः काढलेले पॅकेज फक्त त्याच डीलरकडे चालते. पावतीवर पैसे कोणाच्या नावाने घेतले आहेत ते बघा, तिथेच उत्तर मिळेल. डीलरचा प्लॅन निघाला आणि ‘सगळीकडे चालेल’ असे लेखी किंवा व्हॉट्सॲपवर सांगितले असेल, तर तो मजकूर जपून ठेवा आणि परतावा मागा. प्रत्येक सर्व्हिसला घाट चढून कोल्हापूर गाठणे परवडणारे नाही.

तुमच्या प्लॅनमध्ये दुसरीही अडचण आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांची सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल तेव्हा असते. ५०,००० किलोमीटरचा प्लॅन म्हणजे पाच सर्व्हिस. पण त्याची मुदत तीन वर्षांची असेल आणि गाडी कमी चालत असेल, तर तीनच होतील आणि उरलेल्या दोनचे पैसे बुडतील. प्लॅन घेण्याआधी प्रत्येक सर्व्हिसचा दर लिहून मागायचा आणि आपल्या हातून खरोखर होणाऱ्या सर्व्हिसचीच बेरीज प्लॅनच्या किमतीशी ताडायची. १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे धरा. ब्रेक ऑइल प्लॅनमध्ये आहे का, हेही विचारा. ते हवेतला ओलावा शोषते म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि आपल्याकडच्या पावसात तर त्यात चालढकल नकोच.

प्रश्न (मालवण): गाडीला चौथे वर्ष. एसी थंड करत नव्हता, कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारा भाग) गळतो असे निघाले. वाढीव वॉरंटी असूनही ‘गंजला आहे, बसत नाही’ म्हणून क्लेम नाकारला. हे बरोबर आहे का?

उत्तर: गंज किती आणि गळती नेमकी कुठे, यावर ते ठरते, आणि ते न तपासता क्लेम नाकारणे चूक आहे. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे असतो. त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नळ्या खारा वारा थेट झेलतात. ॲल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी धरते. पुढच्या बाजूला अशी भुकटी असेल किंवा दगड लागून भोक पडले असेल, तर ते कारण बाहेरचे. बहुतेक वॉरंट्या ते वगळतात. पण गळती नळी आणि कडेच्या उभ्या पाइपच्या जोडात असेल आणि आसपास भुकटी नसेल, तर जोडणीतला दोष असण्याची शक्यता जास्त, आणि तो वॉरंटीत बसायला हवा. म्हणून जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) कारण लिहून मागा. नायट्रोजन भरून किंवा यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून गळतीची जागा दाखवायला सांगा, फोटो घ्या. जुना कंडेन्सर काढला तर तपास संपेपर्यंत तो टाकू देऊ नका. नाकारल्याचे पत्र वॉरंटी देणाऱ्या कंपनीकडून मागा, सर्व्हिस ॲडव्हायझरचे तोंडी उत्तर म्हणजे कंपनीचा निर्णय नव्हे. क्लेम मंजूर झाला तर गॅसचे पैसे त्यात धरले आहेत का तेही बघा, अनेकदा धरलेले नसतात.

तोवर एसी लावू नका. गॅसबरोबर तेलही बाहेर जाते, कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो आणि ‘बिघाड असताना वापरली’ म्हणून तो क्लेमही जातो.

किनाऱ्यावर गंजाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते, कारण सर्व्हिस प्लॅन आणि वॉरंटी दोन्ही इथे बहुधा हात वर करतात. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर गाडी चढवताना भरतीचे पाणी खालून लागते, घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालची बाजू धुवा. कंडेन्सरवर साध्या नळीचे पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळ नेला की पट्ट्या वाकतात. अँटी-रस्ट कोटिंग पावसाआधी, खालची बाजू पूर्ण वाळल्यावर करा, आणि दरवाजे व सिल (दरवाजाखालची पट्टी) यांच्या खालची पाणी जाण्याची भोके त्याने बुजली नाहीत ना, ते स्वतः वाकून बघा. चाकरमानी मंडळी गावी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवतात. त्यांनी हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना लाकडी उटी लावावी, नाहीतर मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू चिकटून बसतात.

प्रश्न (चिपळूण): पुराचे पाणी इंजिनमध्ये गेले तर वाढीव वॉरंटी चालेल का?

उत्तर: नाही. पूर हा गाडीतला दोष नाही. पुराच्या नुकसानीसाठी विमा असतो, थर्ड पार्टी नव्हे, स्वतःच्या गाडीचे नुकसान भरणारा. पण बुडालेली गाडी सुरू केली आणि सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकला, तर तेवढ्या इंजिनदुरुस्तीचे पैसे साध्या विम्यात सहसा मिळत नाहीत. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ ॲड-ऑन लागते. २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना सांगायला नको: वॉरंटीवर वॉरंटी घेण्याऐवजी ते पैसे या ॲड-ऑनवर घालवा. पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघू नका. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी फ्लॅटबेडवरूनच (सपाट ट्रकवर चढवूनच) न्या.

प्रश्न (कणकवली): गाडी विकली तर उरलेली वाढीव वॉरंटी नव्या मालकाला मिळते का?

उत्तर: कंपनीची असेल तर बहुधा मिळते, पण आपोआप नाही. आरसीवर नाव बदलल्यावर ठरलेल्या दिवसांत अर्ज करावा लागतो, काही ठिकाणी शुल्क असते. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या खरेदीदाराला द्या. एकही सर्व्हिस चुकलेली असेल तर तेवढ्या कारणावरून त्याचा क्लेम अडू शकतो, म्हणून ते सौदा होण्याआधीच सांगा.