गळपट्टीच्या हाडाविषयी

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा लहानपणापासून मल्लखांब करतो. त्याचे उजव्या बाजूचे गळपट्टीचे हाड डाव्यापेक्षा जाड दिसते. हे व्यंग आहे का? (एक पालक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : दुखत नसेल, हात डोक्यावर पूर्ण जात असेल आणि उंचवटा अलीकडे अचानक उमटलेला नसेल, तर काळजीचे कारण दिसत नाही. हाताला धडाशी जोडणारा हाडाचा दुवा एवढा एकच असल्यामुळे जोर काढताना किंवा खांबाला लटकताना पडणारा ताण त्याच्यावर येतो, आणि वाढत्या वयात हाड त्या ताणाप्रमाणे जाड होत जाते. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचे उजवे हाड बहुधा जाड, तर डावे किंचित लांब असते. विच्छेदनगृहात हे हाड उलटे धरून आतल्या, म्हणजे छातीच्या मध्याकडच्या, टोकापाशी अंगठा फिरवला, की कधीकधी तिथे खरबरीत खोलगट जागा लागते. पहिल्या बरगडीशी बांधणारा अस्थिबंध तिथे चिकटलेला असतो. हा खड्डा पुरुषांत अधिक आढळतो, आणि एक्स-रेमध्ये तो पाहून नवशिक्याला हाड पोखरल्याचा भास होतो.

प्रश्न : केवळ या हाडावरून स्त्री की पुरुष हे सांगता येते का?

उत्तर : अंदाज करता येतो, खात्री देता येत नाही. स्त्रियांचे हाड सरासरीने आखूड, बारीक आणि कमी वळणदार असते. पण यातला बराचसा फरक शरीराच्या एकूण आकारमानाचा आहे, आणि आयुष्यभर डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईचे हाड एखाद्या कारकुनाच्या हाडापेक्षा दणकट निघाले तर मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : मुलगी २१ वर्षांची आहे. स्कूटरवरून पडल्यावर काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये या हाडाच्या आतल्या टोकाला रेघ दिसते. हाड मोडले आहे का?

उत्तर : ती वाढीची रेघ असू शकते. गर्भात पाचव्या-सहाव्या आठवड्यात सर्वांत आधी हेच हाड घडू लागते, मात्र त्याचे आतले टोक मुख्य हाडाशी सांधले जायला बहुधा विशी उलटून जाते, कित्येकांत तिशी जवळ येते. मुलींत हे थोडे लवकर घडते. वय ठरवण्यासाठी न्यायवैद्यक तज्ज्ञ हेच टोक तपासतात. तरीही मार लागलेला असल्याने अस्थिरोगतज्ज्ञांकडून दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. आणि गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर हे टोक मागे सरकून श्वासनलिकेवर दाब आलेला असू शकतो, म्हणून तत्काळ रुग्णालय गाठावे.