नेचे म्हणजे फर्न तर कुठेही उगवतात, मग त्यांची एखादी जात धोक्यात कशी येते?

कुठेही उगवतात हे अर्धंच खरंय. त्यांना बिया नसतात, बीजाणू असतात, ते म्हणजे नुसती धूळ, वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जातात, पण रुजल्यावर पुढे काय हा खरा प्रश्न. मला याचं सगळ्यात भारी उदाहरण वाटतं ते आयर्लंडचं किलार्नी फर्न. याच्या पानाची जाडी शिरा सोडल्या तर फक्त एका पेशीची! आरपार उजेड दिसतो, आणि पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर जवळपास नाहीच, त्यामुळे हवा कोरडी पडली की पान वाळलंच समजा. म्हणून ते राहतं धबधब्याशेजारच्या कपारीत नाहीतर ओढ्याकाठच्या गुहेच्या तोंडाशी, जिथे कायम सावली, तुषार आणि फारशी थंडी नाही. अशा जागा मुळातच मोजक्या, त्यात 19व्या शतकात तिकडच्या लोकांना फर्नचं खूळ लागलं, बंद काचेच्या पेटीत फर्न ठेवून दिवाणखाना सजवायचा, आणि हे नेमकं तशा पेटीत छान टिकतं, मग काय, कड्यांवरून मुळासकट ओरबाडून विकलं.

आता गंमत ऐका. फर्नचं आयुष्य दोन टप्प्यांचं असतं, बीजाणूपासून आधी एक वेगळीच चिमुकली वनस्पती होते आणि तिच्यावर फलन झाल्यावर मग पानांचं फर्न. बहुतेक जातींत ही पहिली पायरी थोड्याच काळाची, पण किलार्नीची ती म्हणजे हिरव्या धाग्यांचा गुंता, ओल्या कापसासारखा, आणि तो पानं न येताही स्वतःचेच बारीक तुकडे टाकत वर्षानुवर्षं पसरत राहतो, तेही इतक्या अंधाऱ्या भेगेत की तिथे दुसरी झाडं सहसा जगत नाहीत. 1990 च्या आसपास लोक मुद्दाम शोधायला लागले तर हा गुंता ब्रिटनमध्ये, अगदी जर्मनी-लक्झेंबर्गमध्येही सापडला, जिथे पानांचं फर्न जवळपास नाहीच.

मग धोका कुठे राहिला असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. नवे बीजाणू फक्त पानांवरच तयार होतात, त्यामुळे नुसता गुंता उरला तर तो त्याच खडकावर अडकला, लांब जाणार कसा? आणि पानांच्या फर्नला आजही वरची झाडं तुटणं, ओढ्याचं पाणी वळवणं, शिवाय आयर्लंडमधल्या किलार्नी गावाजवळच्या ओकच्या जंगलात माजलेलं रोडोडेंड्रॉन नावाचं बाहेरचं झुडूप, हे सगळं भोवतंय. ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्यात आणि युरोपियन युनियनच्या नियमांत संरक्षण आहे, पण उपटून नेणारे अजूनही असू शकतात म्हणून नेमक्या जागा सहसा कुणी सांगत नाही, आणि तेच बरोबर आहे.