द्राक्षबागेसाठी जपानी मिनी ट्रॅक्टर की देशी?

दादा, तुमची चार एकर थॉमसन जातीची द्राक्षं, काळी जमीन, 24 एचपीचा जपानी आणि 27-28 एचपीचा देशी यांच्या कोटेशनमध्ये दीड लाखाचा फरक, आणि प्रश्न असा की जास्तीचे पैसे द्यावेत का. मी एकोणीस वर्षं बाग करतोय आणि दोन्ही प्रकार वापरलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी देशी-विदेशी हा शिक्का बाजूला ठेवा. आपल्या वडिलांच्या पिढीने देशी म्हणून वापरलेला एचएमटी मुळात चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा. पूर्ण भारतीय बनावटीचा म्हणून स्वराज आला तो 1974 मध्ये. आज तर सगळी सरमिसळ आहे. 2022 मध्ये एस्कॉर्ट्सचा ताबा कुबोटाकडे गेला, सोनालिकात यानमारची भागीदारी आहे, महिंद्राचा ओजा मित्सुबिशीच्या साथीने तयार झाला पण बनतो तेलंगणात झहीराबादला. जॉन डिअर अमेरिकेचा, कारखाना आपल्या पुण्याजवळच्या सणसवाडीत. त्यामुळे बॉनेटवरचं नाव वाचून काही कळत नाही. डीलरला विचारा, पुढच्या एक्सलचे गिअर, क्लच प्लेट आणि हायड्रॉलिक पंप कुठून येतात आणि आज त्याच्या कपाटात आहेत का.

हे मी पोळल्यावर शिकलो. माझा पहिला मिनी बाहेरून आलेला होता. मशीन गुणी, डिझेलला हलकं, वळायला झकास. ऑक्टोबर छाटणी झाली, बाग पोंग्यात म्हणजे नवे कोंब फुटत होते, आणि पुढच्या एक्सलचा बेव्हल गिअर गेला. पार्ट यायला 23 दिवस लागले. त्यात पाऊस आला. शेजाऱ्याची फवारणी उरकली की रात्री अकराला त्याचा ट्रॅक्टर आणून मी ब्लोअर म्हणजे फवारणी यंत्र चालवत होतो, तरी अर्ध्या एकरातले घड डाऊनी या बुरशीच्या रोगाने नेले. ते नुकसान तुमच्या त्या दीड लाखाहून मोठं होतं.

चिनी पॉवर टिलरचंही असंच झालं. स्वस्त म्हणून गावोगाव आले, पण विकणारा वर्ष-दोन वर्षांत दिसेनासा व्हायचा. जुलै 2020 मध्ये केंद्राने पॉवर टिलर आणि त्याच्या सुट्या भागांची आयात परवान्याखाली आणली. परवान्यासाठी सर्व्हिस आणि स्पेअरची सोय दाखवावी लागते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

किमतीचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, टायरवरचा 18 वरून 5. कोटेशन त्याआधीचं असेल तर नवीन मागा. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर पूर्वसंमती येईपर्यंत बिल करू नका, नंतर कोणी ऐकत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या तालुक्यात जपानीचा डीलर पाच-सात वर्षं टिकून असेल आणि वर सांगितलेले पार्ट त्याच्याकडे असतील, तर तोच घ्या. काळ्या चिखलात त्याचा फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर) खरंच सरस चालतो. नसेल तर देशी. फोर-व्हील मात्र दोन्हीकडे हवाच. आणि डेमो शोरूमच्या अंगणात नको, तुमच्याच बागेत मागा: 600 लिटरचा ब्लोअर काठोकाठ भरून, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, शेवटच्या ओळीच्या वळणावर.