ठरवलेला बेत ऐनवेळी मोडला तर देवाच्या मार्गदर्शनावर विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की परदेशातला प्रवेश पक्का झाला होता, घरच्या अडचणीमुळे तो सोडावा लागला, आणि आता मंडळीतले लोक समजावतात, "एक दार बंद झालं की देव दुसरं उघडतो." हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठंही नाही. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शोधा, सापडणार नाही. तरी आमच्याकडे ते वचनासारखं फेकलं जातं, आणि ज्याला दुसरं दार दिसत नाही त्याला वाटायला लागतं की आपल्याच विश्वासात खोट आहे.

मी कोल्हापूरचा. 2004 साली बी.कॉम. झाल्यावर पाळकपणाच्या शिक्षणासाठी पुण्याला निघालो होतो. मंडळीनं शिफारसपत्र दिलं होतं, रविवारच्या उपासनेत पुढे बोलावून माझ्यासाठी प्रार्थनाही झाली होती. जूनमध्ये पप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उद्यमनगरात त्यांचं छोटं पॅटर्न शॉप होतं, फौंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत ओतकामाचा साचा घेतात तो नमुना, करून द्यायचं. बहीण शाळेत, डोक्यावर बँकेचं कर्ज. मी पुण्याला कळवलं की येत नाही.

धाकटे काका त्याच आठवड्यात घरी आले. पप्पा पलंगावर, बोलता येत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. त्यांच्यासमोर काका म्हणाले, "नांगराला हात घालून मागं बघालाईस? योना हैस तू, योना. देवानं निनवेला जा म्हटलं आणि तू तार्शीशचं जहाज धरलंस." पुढे कितीतरी शुक्रवारी घरोघरच्या प्रार्थना सभेत ते मोठ्यानं मागायचे, "प्रभू, पळून गेलेल्या लेकराला परत आण." लोक आमेन म्हणायचे. प्रार्थनेच्या आडून माणसाला टोचणं हे पाप आहे, हे मी इतक्या वर्षांनीही तितक्याच ठामपणे म्हणतो.

शॉपवर बाकावर पंपाच्या केसिंगचा सागवानी पॅटर्न अर्धवट पडला होता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलिमीटर, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करतात. वाळूतून साचा न मोडता निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार देतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं, पण हाताला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी मी काम घरी घेऊन यायचो. पप्पा डाव्या हाताचा अंगठा कोपऱ्यातल्या गोलाईवरून फिरवायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा त्यांच्यापुढे. एका संध्याकाळी त्यांनी अंगठा फिरवला, तुकडा उशाशी ठेवून घेतला आणि परतच देईनात. आई हसायला लागली. लकवा मारल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

आता काकांच्या मुद्द्याचं. योना हा संदेष्टा पळाला तो देवानं नेमून दिलेल्या कामापासून. मी कुठं पळालो? घरातच होतो, पप्पांना अंघोळ घालत होतो. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना, म्हणजे यहुद्यांमधल्या कर्मठ पंथाच्या लोकांना, याच गोष्टीवरून धारेवर धरतो. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलं असं सांगून ते मोकळे व्हायचे. तुम्ही देवाचं वचन रद्द करता, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" ही आज्ञा आधीपासून दिलेली होती. मला वेगळं दर्शन कशाला हवं होतं?

तुमचा खरा प्रश्न, पुढची वाट देवाचीच आहे हे ओळखायचं कसं. त्यासाठी प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय एका बैठकीत वाचा. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्यानं अडवलं. बिथुनियाला जायचं होतं, तिथंही अडवलं. कारण सांगितलेलं नाही. त्रोवसला दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस दिसला म्हणून तो समुद्र ओलांडून फिलिप्पैला गेला, आणि तिथं वचन ऐकून बाप्तिस्मा घेणारी पहिली जी भेटली ती लुदिया, थुवतीराची. थुवतीरा आशिया प्रांतातच येतं, जिथं त्याला जाऊ दिलं नव्हतं! पुढे फिलिप्पैतच पौलाला फटके बसले, तुरुंग मिळाला. म्हणजे वाट बरोबर असली की सगळं सुरळीत होतं हेही खोटं. आणि भूकंपानं तुरुंगाची दारं उघडली तेव्हा पौल बाहेर पडला नाही, बसून राहिला. त्यामुळे बंद दार म्हणजे शिक्षा नाही आणि उघडं दार म्हणजे आज्ञा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी उत्तर म्हणून घ्यायची, हा प्रकारही बंद करा.

यिर्मया 29:11 तुम्हाला एव्हाना चार जणांनी पाठवलं असेल, हिताचे संकल्प, आशा वगैरे. दहावी ओवी कुणी पाठवत नाही. तिथं बाबेलातल्या बंदिवासाची सत्तर वर्षं म्हटलंय. दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगणारा हनन्या होता, आणि तो खोटा संदेष्टा ठरला. बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयानं कळवलं की घरं बांधा, मळे लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. जिथं नको होतं तिथंच. मार्गदर्शन मला तरी असंच मिळालं, एका वेळी एका दिवसाच्या कामापुरतं.

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण झालंच नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन, आणि मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर. पण कॉलेजचा मार्ग बंद झाला त्या दिवशी यातलं काहीही त्यांच्या हातात नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्यांचं उदाहरण देऊन "तुमचंही असंच मोठं होईल" असं मी म्हणणार नाही. मी पाळक झालो नाही, आणि त्याबदल्यात काही मोठं मिळालं असंही नाही. पप्पा आणखी बरीच वर्षं जगले, बहीण शिकली, शॉप चालू आहे. तरीही मी देवाच्या इच्छेतच होतो.

काही गोष्टी राहिल्या. घरची अडचण म्हणजे कुणा एजंटानं पैसे बुडवले असं असेल, तर त्याला प्रभूची इच्छा म्हणू नका, पोलिसांत जा. झोप, जेवण सुटलं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. आणि काही जणांना देव खरंच घर सोडायला सांगतो, अब्राहामाला सांगितलं होतं, ते मी नाकारत नाही. पण ते अब्राहामाला देवानं सांगितलं, त्याच्या चुलत्यानं नाही. तुम्हाला कुणी योना म्हणालंच, तर त्यांना योनाचा चौथा अध्याय मोठ्यानं वाचायला लावा. देव दया करतो याचाच राग योनाला येतो तिथं.